अकरा जुड्यांचा संगणक

टेबलावर एक संगणक. त्याच्या पेटीवर एक लिंबू, लिंबाखाली हळदीच्या तांदळाची चिमूट. पेटीभोवती लाल धाग्याचे तीन वेढे आणि धाग्याच्या गाठीवर लाखेचा ठिपका. उदबत्त्या पाच, त्यांतली एक विझलेली. माणसे चौतीस. आमच्या केंद्रात दोन खुर्च्या आणि एक बाक आहे, त्यामुळे चौतिसांपैकी बरीच बाहेरच्या ओट्यावर उभी राहून आत डोकावत होती.

शेलूबाजारचा तो बाजाराचा दिवस होता. केंद्र माझ्या भावाचे, संघपालदादाचे. पीकविमा, दाखले, कॉलेजचे प्रवेश, सगळे अर्ज लोक त्याच्याकडून भरून घेतात. मी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन आदल्या दिवशीच अमरावतीहून आले होते. मला वाटले, प्रवेशाची मुदत संपत आली असेल. पण गर्दीत कोणाच्याही हातात कागद नव्हता.

सगळे किशन महाराजांकडे पाहत होते. महाराज भगव्या कपड्यांत नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेच्या मध्यावर पेनड्राइव्ह. पुढच्या गावांतून त्यांचे नाव आधीच पोहोचले होते. थकलेली मशीन ते मंत्राने तरुण करतात, असे लोक सांगत.

"संघपालभाऊ, बंद करा," ते म्हणाले. दादाने संगणक बंद केला. "आता चालू करा. कोणी बोलू नका. मशीनले लाज वाटते."

दादाने बटण दाबले आणि पाहता पाहता पडदा उजळून सगळी चित्रे जागेवर आली. ओट्यावर गोजराबाई मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी हातातली जुडी वर धरून दाखवली. तिच्याभोवती सुतळीची गाठ अजून पडायची होती.

"एक बी पुरी नाई झाली," त्या म्हणाल्या. "पयले अकरा होत होत्या."

या वाक्याने लोकांवर महाराजांच्या मंत्रापेक्षा जास्त परिणाम झाला, आणि त्याला कारण होते. गोजराबाईंचा मुलगा हिरालाल गावाबाहेर भाजीपाल्याचा बगीचा करतो, आणि बाजाराच्या दिवशी त्या आमच्याच ओट्यावर माल लावतात. सकाळी दादा येतो, संगणकाचे बटण दाबतो, मग झाडू मारतो, पाणी भरतो, चहा सांगतो. तोवर संगणक सुरू होत असतो आणि गोजराबाईंचा हात चालत असतो. संगणक लागेपर्यंत त्यांच्या अकरा जुड्या होतात, हे बाजारातल्या निम्म्या माणसांना पाठ होते. दादाची त्यावरून थट्टाही व्हायची. गोजराबाईंना घड्याळ वाचता येत नाही, पण त्यांची जुडी घड्याळाइतकी एकसारखी पडते. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांनी मोजले होते.

महाराजांनी तोच धागा पकडला.

"सायन्सवाले म्हणतात, बाबाच्या हातानं माणूस बरा होते तो मनाचा खेळ हाये. ठीक हाये. माणसाले मन हाये, भास होतात. या डब्याले मन हाये का? याची श्रद्धा हाये का माह्यावर? मंग हा कायनं बरा झाला?"

ओट्यावरचे दोघे-तिघे उंबरठ्याच्या आत सरकले.

"म्या काई नाई केलं," महाराज हात जोडून म्हणाले. "याचा आत्मा थकेल कुडीत अडकला होता, त्याले नवी कुडी देली. मशीनले देता येते तर लेकराले काहून नाई?" आणि ते हिरालालकडे वळले.

हिरालालकाकांच्या मागे त्यांची मुलगी सायली उभी होती. ती अकरावीला आहे आणि तिला मिरगीचा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी बगीच्यातल्या विहिरीच्या काठावरच तिला झटका आला होता. हिरालालकाकांच्या हातात तिची वेणी आली म्हणून ती वाचली. वाशीमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रोज सकाळ-संध्याकाळ. सव्वा वर्षात तिला एकही झटका आलेला नाही. गोळीने वर्गात पेंग येते, एवढीच तिची तक्रार. गोजराबाईंची काळजी वेगळी. रोज गोळ्या खाणाऱ्या पोरीला उद्या कोण पदरात घेईल, याने त्यांची झोप उडाली होती. आणि डॉक्टर तर गोळ्या कधी बंद होतील ते सांगतच नव्हते.

"डाक्टरच्या गोळ्या म्हणजे मोबाईलचं अपडेट हाये, माय," महाराज गोजराबाईंना म्हणाले. "एक झालं का दुसरं येते. संपतच नाई." लोक हसले. मग त्यांनी गंभीर होऊन विधी सांगितला. पुढच्या बाजारी याच ठिकाणी सायलीला धागा बांधायचा. त्या दिवशी सकाळपासून गोळी बंद. गोळ्यांची कोरी पट्टी फडक्यात बांधून विहिरीत सोडायची, कारण धागा आणि गोळी एका अंगावर नांदत नाहीत.

मिरगीची गोळी अचानक थांबवली तर झटका पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतो, हे सायलीच्या डॉक्टरांनी हिरालालकाकांना बजावलेले मला माहीत होते. मी त्यांना बाजूला घेऊन आठवण करून दिली. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांची नजर लाल धाग्यावर होती.

"पल्लू, तू शिकेल हायेस, पन मले सांग," ते म्हणाले, "मशीन खोटं बोलन का?"

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मी दादाला चिडवले. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि याने संगणकाला गंडा बांधून घेतला. दादा चिडला नाही. त्याने पंख्याचे बटण लावले आणि शांतपणे म्हणाला, "म्या देव नाई मानला, पल्लवी. पन मशीन लौकर लागून राह्यली, हे तर पाह्यलं ना? मले लोकायचे अर्ज भराचे हायेत. तू म्हन, कायनं झालं?"

प्रश्न रास्त होता. तो मोडीत काढण्यापेक्षा त्याचे उत्तर शोधणे मला बरे वाटले. पण एक अडचण होती. धागा तुटला तर कृपा तुटेल, असे महाराजांनी सांगून ठेवले होते, आणि प्रवेश अर्जांच्या गर्दीत ती जोखीम घ्यायला दादा तयार नव्हता. लाखेचा ठिपका नेमका पेटीच्या झाकणाच्या स्क्रूवर होता. म्हणजे पेटी न उघडता पाहायचे.

मी आधी काय काय सुधारले याची तपासणी केली. संगणक सुरू होणे: फार लवकर. लिहिण्याचा प्रोग्राम उघडणे: लगेच. पण सरकारी संकेतस्थळ पूर्वीसारखेच गोल गोल फिरत राहिले. प्रिंटर पूर्वीच्याच चालीने कागद सोडत होता. आणि दादा ज्या भागात लोकांचे जुने कागद ठेवतो, त्या डी ड्राइव्हवरची मोठी फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायला पूर्वीइतकाच वेळ लागला. तेवढ्या वेळात पेटीच्या आतून जुनी ओळखीची करकर ऐकू आली. सुरू होताना मात्र ती करकर आता येत नव्हती.

मला संशय आला तो या करकरीने. आत्मा तरुण झाला असेल तर सगळी मशीन तरुण व्हायला हवी. कृपा एका खोलीत शिरून शेजारच्या खोलीच्या दाराशी थांबली होती.

"दादा, विधी कसा झाला ते सांग. पयल्यापासून."

दादा आठवून आठवून सांगू लागला. विधीच्या आदल्या दिवशी महाराजांचा फोन आला होता. मशीनला उपास घडवा, म्हणाले. तिच्या पोटातले सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ सगळे सी ड्राइव्हवरून काढून डीवर टाका. इतकेच नाही, तर पोटात आता किती उरले तो आकडाही त्यांनी विचारून घेतला. विधीच्या दिवशी ते पेटी घेऊन कापडी पडद्यामागे बसले, वर लाल कापड टाकले आणि मोबाईलवर मोठ्या आवाजात मंत्र लावला. दीड तास कोणी आत जायचे नव्हते.

"उपासाचा आकडा त्याले कायले पाह्यजे होता?" मी विचारले.

कोणत्याही देवाने आजवर भक्ताला पोटात किती भरले आहे ते आकड्यात विचारल्याचे आम्हा दोघांना आठवेना.

मी संगणकातली डिस्कची यादी उघडली. संगणकाला आत काय काय जोडले आहे, हे तो स्वतःच सांगतो. फक्त विचारावे लागते. यादीत पूर्वी एक डिस्क होती. आता दोन होत्या. दुसरी आकाराने लहान होती, आणि दादाच्या मशीनने उपास केला नसता तर आतला सगळा ऐवज तिच्यात मावलाच नसता.

दादाने पडद्यावरची यादी वाचली. मग त्याने एकदा लिंबाकडे पाहिले.

"म्हंजे मले आतून नवी डिस्क लावून देली," तो म्हणाला. "अन् दक्षिणा मंत्राची घेतली."

"डिस्क चांगली हाये. काम बी नीट केलं हाये त्यानं. पन हे सायलीच्या घरी कसं सांगाचं?"

यादी दाखवून उपयोग नव्हता. गोजराबाईंना यादी वाचता येत नाही, आणि हिरालालकाका म्हणाले असते की यादीसुद्धा महाराजांच्या कृपेनेच बदलली. त्यांनी ज्या मापाने चमत्कार मोजला होता, त्याच मापाने तो परत मोजायला हवा होता. आणि ते चौघांसमोर करायचे म्हणजे दादाने चौघांसमोर आपण फसलो हे कबूल करायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "हसतीन लोकं. हसू दे. पोरगी विहिरीवर पानी शेंदते."

पुढच्या बाजारी गर्दी पहिल्यापेक्षा जास्त होती. मोजायला जमले नाही. ओटा पूर्ण भरला होता. मधोमध गोजराबाईंपुढे मेथीचा ढीग. त्यांच्या कमरेला फडके खोचलेले होते आणि त्यात नवी पट्टी होती, हे सायलीने मला डोळ्यांनीच दाखवले. सकाळची गोळी तिला दिलेली नव्हती.

महाराज आले, धागा काढला, फुंकर मारली. "आधी मशीनची साक्ष," ते म्हणाले, आणि दादाला खूण केली.

"आज साक्ष सायलीच्या हातानं होऊ द्या," दादा म्हणाला. "तिच्यासाठीच तर हाये."

यात नाही म्हणण्यासारखे काही नव्हते. सायली खुर्चीवर बसली. कोणती कळ दाबायची ते मी तिला आदल्या दिवशीच सांगितले होते. बटण दाबल्या दाबल्या ती कळ दाबली की संगणक विचारतो, कोणत्या डिस्कवरून सुरू होऊ? महाराजांनी घाई केली होती. दादाचे कागद डीवर होते म्हणून जुनी डिस्क त्यांनी आत तशीच ठेवली होती, आणि तिच्यावरची जुनी व्यवस्था पुसली नव्हती. दोन नावे पडद्यावर आली. सायलीने जुने निवडले.

"गोजराआजी, जुड्या बांधा," मी म्हणाले.

पेटीतून करकर सुरू झाली. पडद्यावर गोल ठिपके फिरू लागले. पहिली जुडी पडली. दुसरी पडली. महाराजांनी उदबत्ती ओवाळली. चौथ्या जुडीला कोणीतरी खोकले, सहाव्या जुडीला मागच्या बाजूने एकाने विचारले की आज मशीनचा उपास तर नाही ना. गोजराबाईंचा हात मात्र नेहमीच्या तालात चालत होता. दहा झाल्या. अकराव्या जुडीची गाठ त्या ओढत होत्या तेव्हा चित्रे जागेवर आली.

लिंबू पेटीवर होते. धागा तीन वेढ्यांचा होता. लाख फुटलेली नव्हती.

"पोरीच्या अंगात दोष हाये," महाराज लगेच म्हणाले. "तिनं हात लावला अन् कृपा उठली. पाह्यलं ना हिरालालभाऊ, किती कठीण केस हाये?"

सायलीचा चेहरा उतरला. पण ती खुर्चीवरून उठली नाही. संगणक बंद करून तिने पुन्हा बटण दाबले, पुन्हा तीच कळ, आणि या वेळी दुसरे नाव निवडले. करकर आली नाही. गोजराबाईंनी काड्या जुळवून सुतळी हातात घेतली तोवर पडदा लागला होता.

"आता माह्यातला दोष गेला का, महाराज?" सायलीने विचारले.

ओट्यावर हशा पिकला. महाराज म्हणाले की त्यांनी मनातल्या मनात मंत्र म्हटला होता. मग सायलीने तिसऱ्यांदा बटण दाबले आणि त्यांना सांगितले, आता मोठ्याने म्हणा. तिने जुने नाव निवडले होते. महाराज मोठ्याने म्हणू लागले. पाचव्या जुडीला त्यांचा आवाज बसला. अकरावी पडेपर्यंत ते पाण्याची बाटली शोधत होते.

गोजराबाईंनी जुडी खाली ठेवली. "मंग कृपा कोन देते," त्यांनी विचारले, "तू का हे बटन?"

महाराज धाग्याबद्दल काहीतरी बोलले. धागा तुटला तर मशीन कायमची बसेल, नंतर मला दोष देऊ नका. गोजराबाई उठल्या. मेथीच्या मुळ्या छाटायचा विळा त्यांच्या हातातच होता. त्यांनी दादाकडे पाहिले. दादाने मान हलवली. विळा एकदा फिरला आणि तिन्ही वेढे टेबलावर पडले. लिंबू घरंगळत जाऊन बाकाखाली थांबले.

सायलीने नवे नाव निवडून संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी जुडी बांधायला कोणी बसलेच नव्हते, तरी पडदा किती लवकर लागला ते सगळ्यांना कळले.

मग दादाने वीज बंद केली, स्क्रू काढून पेटीचे झाकण उतरवले आणि आत चिकटपट्टीने चिकटवलेली चपटी डबी सर्वांना दाखवली. पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी, वजनाला हलकी. त्याने स्वतःच सांगितले. जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावर एक सुई सरकते. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते, आणि सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. या डबीत फिरणारे काही नाही, म्हणून थांबणे नाही. संगणक चालवणारी सगळी व्यवस्था जशीच्या तशी या डबीवर उतरवून घेतली, एवढाच विधी. दीड तास त्या उतरवण्याला लागला. मंत्र स्क्रूचा आवाज झाकायला होता. आणि मी फसलो, हेही तो म्हणाला, हळू आवाजात, पण म्हणाला.

"पन भाऊ, फास्ट तर केली ना त्यानं?" मागून एक जण म्हणाला.

"केली," दादा म्हणाला. "मेकॅनिक म्हणून आला असता तर चहा पाजला असता."

सगळे वळून पाहू लागले तेव्हा महाराज ओट्यावर नव्हते. कोणी म्हणाले फोन आला, कोणी म्हणाले मंगरूळच्या जीपमध्ये बसताना पाहिले. त्यांना अडवायला कोणी गेले नाही. त्यांची एक पिशवी आमच्या बाकाशेजारी राहिली होती. तिच्यात लाल धाग्याची गुंडी, स्क्रू फिरवायचा एक पेचकस आणि तशाच आणखी दोन चपट्या डब्या निघाल्या.

हिरालालकाका पेटीत वाकून डबीकडे पाहत होते. "मशीन खोटं बोलली नाई," ते म्हणाले.

"नाई बोलली, काका. लौकर लागली हे खरंच होतं. आजीनं मोजलं तेही खरं होतं. कायनं झालं, एवढंच आपन त्या मानसाच्या तोंडचं घेतलं."

मला लोकांना एवढेच सांगायचे होते आणि तेच मी इथे लिहिते आहे. डोळ्यांनी पाहिलेले खोटे असतेच असे नाही. पण जे घडले ते आणि ते कशाने घडले हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फायदा होणाऱ्या माणसाकडून घेऊ नये. धागा ठेवून डिस्क बदला, मग डिस्क ठेवून धागा काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. जो मोजू देत नाही, झाकण उघडू देत नाही, त्याच्या हाती मशीनसुद्धा देऊ नये. लेकराचे औषध तर लांबच. आणि औषध कमी करायचे की बंद करायचे हा प्रश्न औषध देणाऱ्या डॉक्टरांपुढे मांडावा. पेंग येते हेसुद्धा त्यांनाच सांगावे. त्यावर त्यांच्याकडे उपाय असतो.

सायलीला पेंगेचे डॉक्टरांना सांगितले का, असे मी विचारले. तिने नाही म्हटले. हिरालालकाका म्हणाले, सोमवारी वाशीमला जातो.

गोजराबाई ओट्यावर परत बसल्या होत्या. थोडा वेळ त्या विस्कटलेली मेथी सारखी करत राहिल्या. मग त्यांनी कमरेचे फडके सोडले, पट्टी काढली आणि उलटसुलट करून पाहिली. कोणती बाजू दाबायची ते त्यांना कळेना. सायलीने त्यांचा अंगठा धरून योग्य जागी ठेवला. चंदेरी कागद फुटल्याचा बारीक आवाज झाला. दादाने पाण्याची बाटली पुढे केली.

पट्टी दहाची होती. नऊ उरल्या.